अळीला काय वाढू?

बेसन पाव किलो, यीस्टची पुडी, चायना ग्रास, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल. अशी यादी घेऊन कुणी किराणा दुकानात उभं राहिलं की दुकानदार साहजिकच विचारतो, घरी आजारी कोण? नंदुरबारच्या आमच्या गल्लीतल्या दुकानदारानंही विचारलं. माझा भाचा सरळ मनाचा. तो म्हणाला, "आजारी कुणी नाही, अळ्यांसाठी पाहिजे." दुकानदारानं दिलेलं बेसन परत मागून घेतलं, पिशवी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "आमच्या मालात अळ्या निघत नाहीत." अळ्या बेसनात नाहीत, बेसन अळ्यांत जाणार आहे, हे त्याला समजावून सांगेपर्यंत मागं पाच-सहा गिऱ्हाइकं जमली होती. त्यांतल्या एका बाईंनी घरी जाऊन माझ्या बायकोची विचारपूस केली.

भाचा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात एम.एस्सी. करत होता. विषय, झाडपाला खाणाऱ्या किड्यांचं पोषण. त्याच्या गाईडनी सांगितलं होतं की अळ्या खानदेशातल्याच पाहिजेत, म्हणून तो इथल्या कपाशी-तुरीतून अळ्या गोळा करायला सप्टेंबरात मामाकडे आला आणि दिवाळी होऊन गेली तरी राहिला. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी प्रयोगशाळेचा कोपरा वापरायला दिला होता. सुट्टीच्या दिवशी तो कोपरा आमच्या घरी येत असे.

आता आमच्या जिल्ह्यात पोषणावर संशोधन करणं ही साधी गोष्ट नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघाल्यापासून हा जिल्हा मुंबईच्या वर्तमानपत्रांत मुख्यतः दोन कारणांनी झळकतो, एक मिरची आणि दुसरं कुपोषण. त्यामुळे 'पोषणाचा अभ्यास करायला आलोय' असं कुणी म्हणालं की गाव त्याला थेट अंगणवाडीत नेऊन खुर्चीवर बसवतं, चहा पाजतं आणि वजनकाटा कधीपासून बिघडलाय ते सांगतं. त्यात महिना सप्टेंबरचा. २०१८ पासून हा देशभर पोषण महिना म्हणून साजरा होतो. कपाशीवरच्या अळ्या तो त्याच्याही आधीपासून साजरा करत आल्या आहेत, तेही अनुदानाशिवाय.

तळोद्याकडच्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीताईंनी भाच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "वजन किती दिवसांनी करता?"

"रोज. सकाळी."

"रोज? आमच्याकडं महिन्यातून एकदा."

"मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत," भाचा उत्साहानं म्हणाला.

"आणि कमी भरलं तर काय करता?"

"लिहून ठेवतो."

"बस?"

"बस."

"मग आमच्यासारखंच आहे तुमचं," ताई म्हणाल्या आणि पुन्हा रजिस्टर भरायला लागल्या.

या रोजच्या वजनाचा पाया गिल्बर्ट वाल्डबाउर नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं पक्का केला. १९६८ मध्ये त्यांनी किड्याच्या जेवणाचा हिशेब कसा ठेवावा याची पद्धत सविस्तर मांडली, आणि तेव्हापासून जगभरची एम.एस्सी.ची पोरं तोच हिशेब ठेवताहेत. खाल्लं किती, त्यातलं पचलं किती आणि पचलेल्यातलं अंगी लागलं किती, असे तीन प्रश्न. आपल्याकडच्या आज्या यातल्या तिसऱ्याचं उत्तर नातवाच्या दंडाला नुसतं चिमटून देत. शास्त्राला ते चालत नाही. पान आधी तोलायचं, अळी तोलायची, दोघांना एका डबीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं पान, वाढलेली अळी आणि तिची विष्ठा, असं तिन्ही वेगवेगळं तोलायचं. शिवाय शेजारच्या डबीत तसलंच दुसरं पान ठेवायचं, ज्यावर अळी नाही. ते पान नुसतं सुकतं. ते जेवढं सुकलं तेवढी तूट हिशेबातून वजा करायची, नाहीतर उडून गेलेलं पाणीही अळीनंच खाल्लं असं दिसतं. ही रिकामी डबी मला फार आवडली. एखादा कोरा रस्ता, ज्यावर कंत्राटदार नाही, सरकारी बांधकाम खात्यानंही शेजारी ठेवून पाहावा.

तराजू काचेच्या पेटीतला. त्याला वारा चालत नाही. म्हणून पंखा बंद. ऑक्टोबरच्या उन्हात नंदुरबारला पंखा बंद करून बसायला संशोधकच लागतो. अंड्यातून नुकती निघालेली अळी मिलिग्रॅमभरही भरत नाही, आणि भाच्याच्या नाकाच्या टोकावर जमलेला घामाचा एक थेंब तिच्यासारख्या कित्येकींना भारी. तो श्वास रोखून, मान मागं टाकून, चिमटा लांब धरून वजन करायचा. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, पोरगा बॉम्ब निकामी करतोय.

विष्ठेची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. ती घाण नसते, निदान तुमची नाक मुरडायची तयारी असते तितकी तरी नसते. मोठ्या अळीची विष्ठा म्हणजे मोहरीपेक्षा थोडे लहान, काळपट हिरवे, उभ्या खाचा असलेले, एकसारखे घडवलेले दाणे. वाळवलं की खडखडीत होतात. रविवारी असे दाणे कागदाच्या चिमुकल्या पुड्यांत, पुड्या ताटात, ताट गच्चीवर उन्हात. बायकोनं संध्याकाळी गच्ची झाडली. जिन्यावरून भाच्याचा आवाज आला, "मामी, तो डेटा होता!" बायकोनं तेव्हापासून घरातल्या कुठल्याही कचऱ्याला हात लावण्यापूर्वी, 'हा डेटा आहे का रे?' असं विचारायची सवय लावून घेतली. माझ्या टेबलावरच्या कागदांविषयी मात्र तिनं कधी विचारलं नाही.

एवढी विष्ठा का, हा प्रश्न मलाही पडला होता. अळी खाते त्यातलं बरंचसं तसंच पुढं पाठवते. भाच्यानं कारण सांगितलं ते नायट्रोजनचं. किड्याच्या अंगात, कोरड्या वजनावर धरलं, तर शंभरात दहाच्या आसपास नायट्रोजन असतो. पानात तो साधारण दोन ते चार. बाकी बहुतेक पिष्ट आणि न पचणारा चोथा. म्हणजे अंगावर मूठभर मांस चढवायला अळीला टोपलंभर पाला खावा लागतो. आपण तिला अधाशी म्हणतो. तिच्या बाजूनं पाहिलं तर झाडानंच खानावळ काढली आहे, आणि वाढतंय कोण तर ज्याला गिऱ्हाईक नकोच आहे असा मालक. भात भरपूर, वरणात डाळ शोधावी लागते. गिऱ्हाइकानं वाटीमागून वाटी मागितली तर दोष कुणाचा?

हे पाहायचं असेल तर पावसाळ्यात सातपुड्यातल्या सागाच्या वनात जावं. तोरणमाळच्या वाटेवर, अक्कलकुव्याकडे, कुठंही. पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाला कोवळी पालवी फुटते, तेव्हा एक अळी येते आणि ती कोवळी, नायट्रोजनवाली पानं जाड शिरा तेवढ्या सोडून फस्त करते. ती गेली, पानं जून झाली, की दुसऱ्या जातीची अळी येते. तिला बारीक शिराही नकोत. ती फक्त शिरांमधला हिरवा भाग खाते आणि पानाची जाळी करून ठेवते. दोन्ही पंगतींनी आपापली वेळ ठरवून घेतली आहे, भांडण नाही. पहिल्या पंगतीच्या दिवसांत अळ्यांची संख्या वाढली की वनात उभं राहून ऐकावं. आभाळ कोरडं असतं आणि तरी पाल्यावर बारीक सर पडल्याचा आवाज येत राहतो. माझ्यासोबतच्या एका शिक्षकांनी चेहरा वर करून ते तुषार अंगावर घेतले होते. भाचा म्हणाला, "सर, पाऊस नाहीये तो." तपशील त्यानं फार हळुवारपणे सांगितला.

जंगलातली खानावळ अशी हात राखून वाढणारी. शेतात आपण काय केलं? शहादा रस्त्याला आमच्या ओळखीच्या आबांची कपाशी आहे. आबांचं खताचं शास्त्र सोपं: पिकाला काळोखी आली पाहिजे. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीची खतं त्याच्यापेक्षा कितीतरी महाग, म्हणजे उदारपणा युरियाच्याच बाबतीत परवडतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. पान रसरशीत होतं, गर्द होतं, लांबून पाहणाऱ्या पाहुण्यांना दाखवण्यासारखं होतं. आणि वरणात डाळ आली ही बातमी किड्यांना कळायला वेळ लागत नाही. आधी मावा येतो, मग तुडतुडे, मग पांढरी माशी. मग आबा कृषी सेवा केंद्रात जातात, फवारणीचं औषध आणतात, आणि परत येताना, पीक जरा फिकं वाटतंय म्हणून, आणखी एक युरियाची गोणी.

भाच्यानं हे त्यांना सांगून पाहिलं. आबा बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "म्हंजे मना कपाशीले आळ्या येतीस त्या मीच बलावस?"

"तसंच काहीसं."

"मंग आते जेवाडीसनच धाडू," आबा म्हणाले आणि तंबाखू दाढेला लावली. युरियाबद्दल पुढं काही बोलणं झालं नाही.

माव्याचं पोषण तर कादंबरीचा विषय आहे. मावा पान चावत नाही, देठातल्या रसाच्या नळीला नेमकी सोंड लावतो. त्या रसात साखर मुबलक आणि प्रथिनांच्या नावानं बोंब. कामापुरता नायट्रोजन मिळवायचा तर रस पीत राहायचं आणि नको असलेली साखर मागून सोडत राहायचं. तोच आपला चिकटा. पानावर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते, मुंगळे रांग लावतात, कपाशी काळवंडते आणि व्यापारी भाव पाडतो. एवढं पिऊनही काही अमिनो आम्लं रसात पुरेशी नसतातच. ती माव्याच्या अंगातले जिवाणू बनवून देतात. पॉल बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्या जिवाणूंना 'बुखनेरा' म्हणतात. कोट्यवधी वर्षं ते माव्याच्या पेशींत राहताहेत, आईकडून लेकीकडे वारशानं जाताहेत, बाहेर एकट्यानं जगणं त्यांना आता जमत नाही. मावाही त्यांच्याशिवाय धड वाढत नाही. घरात स्वयंपाकी ठेवावा आणि पुढं दोघांनाही एकमेकांना काढून टाकता येऊ नये, अशी ही व्यवस्था.

मग प्रश्न येतो आवडीनिवडीचा. पोषण म्हणून पाहिलं तर बहुतेक हिरवी पानं एकसारखीच. तरी एक किडा फक्त रुईवर, दुसरा फक्त कपाशीवर, असं का? गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी १९५९ मध्ये याचं उत्तर मांडलं: झाडं आपापल्या पानांत कडू, उग्र, विषारी रसायनं भरून ठेवतात ती किड्यांना हाकलण्यासाठी, आणि एखाद्या किड्याला ती पचवायची युक्ती साधली की त्याला तीच चव ओळखीची, घरची वाटू लागते. या फ्रेंकेल यांच्या बरोबरीनं वाल्डबाउर यांनी एक प्रयोग केला होता. तंबाखूवरच्या अळीचे चव घेणारे अवयव काढून टाकले. एरवी ज्या पानांकडे ती ढुंकूनही पाहत नसे, ती पानं ती निमूट खायला लागली. भाच्यानं हे सांगितल्यावर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. तो होस्टेलच्या मेसमध्ये पाच वर्षं जेवलेला आहे.

आता आमची मिरची. दसऱ्याच्या पुढं मागं नंदुरबारला आलात तर शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या दिसतील. एकरच्या एकर जमीन लाल. वाऱ्याची झुळूक त्या बाजूनं आली की एस.टी.तल्या माणसांना एकदम शिंका येतात आणि झोपलेला उठून म्हणतो, नंदुरबार आलं वाटतं. इतकं जहाल पीक, त्याला किडा लागायलाच नको, असा पाहुण्यांचा समज असतो. पण तिखट असतं ते फळात, बियांना धरून असलेल्या पांढऱ्या भागात. पान खरवडून रस पिणाऱ्या फुलकिड्याला त्याचं सोयरसुतक नाही. तो आरामात पितो, पानं वर वळून द्रोण होतात आणि शेतकरी म्हणतो, बोकड्या आला.

मिरचीचं खरं हत्यार मात्र तिखट नाहीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता आणि अशोक गिरी यांच्या गटानं घाटेअळीच्या पचनावर वर्षानुवर्षं काम केलं. घाटेअळी म्हणजे हरभऱ्यातली घाटेअळी, कपाशीवर गेली की अमेरिकन बोंडअळी, टोमॅटोवर फळं पोखरणारी अळी. एकच बाई, गावोगावी नावं वेगळी, सावकाराला चुकवत फिरल्यासारखी. तिच्या आतड्यात प्रथिनं तोडणारे पाचकरस असतात. मिरचीत अशी काही प्रथिनं सापडली की जी त्या पाचकरसांनाच कुलूप लावतात. २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ही प्रथिनं जेवणात मिसळली की अळी खाते, पण खाल्लेलं अंगी लागत नाही, वाढ खुंटते. भरल्या पोटी कुपोषण. पण ही अळी हार मानणाऱ्यांतली नाही. समोर आलेल्या जेवणाप्रमाणे ती आपले पाचकरस बदलते, एका कुलपाला दुसरी किल्ली लावून बघते. शंभराहून अधिक प्रकारच्या झाडांवर जगते ती याच जोरावर. आमच्याकडचे काही लोक लग्नाच्या प्रत्येक पंगतीत उठून दिसतात, त्यांचा अभ्यास कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

हा सगळा उद्योग पानांवर करणं अवघड, कारण रोज सारखं पान मिळत नाही. म्हणून कृत्रिम आहार. तो आमच्या स्वयंपाकघरात शिजताना मी जवळून पाहिला आहे. बेसन पाण्यात कालवायचं, यीस्ट घालायचं, दुसऱ्या पातेल्यात चायना ग्रास उकळून त्यात ओतायचं आणि घोटायचं. गुठळी राहता कामा नये. मग थांबायचं. जीवनसत्त्वं गरम असताना टाकली तर मरतात, हाताला सोसेल इतपत निवलं की मगच घालायची. पण फार थांबलं तर मिश्रण पातेल्यातच थिजतं. त्या दोन-चार मिनिटांत भाचा घरातल्या कुणाशीही बोलत नसे. शेवटी बुरशी येऊ नये म्हणून औषध, आणि ताटात ओतून वड्या. बायकोनं एकदा वास घेऊन सांगितलं, "ओवा घातला असतास तर बरं झालं असतं." दिवाळीत आमच्याकडे बेसनाचे लाडू कमी झाले. वडी मात्र एकही कमी पडली नाही.

प्रत्येक वडी वेगळ्या डबीत, प्रत्येक डबीत एक अळी. मी म्हटलं, इतक्या डब्या कशाला, चार-चार ठेव की, तेवढीच सोबत. भाचा म्हणाला, "मामा, रात्री चार ठेवल्या तर सकाळी एक असते." ही घाटेअळी पक्की शाकाहारी, बहीण सोडून. बहीण म्हणजे शेवटी तयार प्रथिनच, पानासारखी भेसळ नाही. अमेरिकेत मॉर्मन क्रिकेट नावाचे मोठाले नाकतोडे लाखोंच्या जथ्यानं कूच करतात. इतकी शिस्त कशी, याचा शोध स्टीफन सिम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लावला. सगळ्यांना प्रथिनं आणि मीठ कमी पडलेलं असतं, आणि सर्वांत जवळचं प्रथिन पुढं चालणाऱ्याच्या पाठीत असतं. जो थांबला त्याला मागचा खातो. म्हणून कुणी थांबत नाही. निवडणुकीच्या दिवसांत पक्षांचे मोर्चे पाहताना मला हे संशोधन हमखास आठवतं.

याच सिम्पसन यांनी डेव्हिड राउबेनहायमर यांच्याबरोबर टोळांना निरनिराळ्या प्रमाणातली प्रथिनं आणि पिष्टं वाढून पाहिली आणि पुढं २००५ मध्ये तोच विचार माणसाला लावला: जेवणात प्रथिनं विरळ झाली की प्रथिनांचा कोटा भरेपर्यंत प्राणी खातच राहतो. मी ते ऐकलं तेव्हा माझ्या हातात पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा होता, तिसरा. भाच्यानं पुड्याकडं पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही.

प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला म्हणे: 'याचा शेतकऱ्याला काय उपयोग?' हा प्रश्न सगळ्यांना विचारतात आणि सगळे एकच उत्तर देतात. भाच्यानंही ते दिलं.

नोकरी कीटकनाशकाच्या कंपनीत लागली. आम्हाला वाटलं, झालं, दोन वर्षं जेवू घातलं, आता मारायचा पगार. पण तिथंही त्याला तेच काम. नवं औषध तपासायचं तर अळ्या निरोगी, सारख्या वयाच्या आणि पोटभर जेवलेल्या लागतात. आधीच अर्धपोटी असलेली अळी मेली तर ती औषधानं मेली की उपासानं, हे सांगणार कोण? म्हणून कंपनीत अळ्यांची वेगळी खोली आहे, वातानुकूलित, बारा महिने एकाच तापमानाला. त्या खोलीचा प्रमुख भाचा.

तो पेढे द्यायला आला तेव्हा आबा आमच्याकडेच बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, एसीचं दोनदा विचारलं. मग पेढा अर्धा मोडून म्हणाले, "म्हंजे आळ्या मारानाबी पैसा, आन पोसानाबी पैसा. आम्ही त फुकट पोसतस."